फुले गळतात, म्हणून हात थांबत नाहीत : जपानी भिक्खुणी-कवयित्री रेंगेत्सु

बौद्ध धम्म निराशावादी आहे, हा आक्षेप आपल्या तरुणांना वारंवार ऐकावा लागतो. सगळेच नाशवंत असेल तर शिकायचे कशाला, संघटना बांधायची कशाला, मोर्चा काढायचा कशाला, असे कॉलेजच्या कट्ट्यावर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विचारले जाते. विचारणारा कधी खोडसाळ असतो, तर कधी खरोखरच गोंधळलेला असतो. अभ्यासवर्गात आम्ही या प्रश्नाला सिद्धांताने उत्तर देतो. अनित्यता म्हणजे काय, प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे काय, हे समजावून सांगतो. ते सांगायलाच हवे. पण काही उत्तरे एखाद्या माणसाच्या आयुष्यातून लवकर कळतात. म्हणून या लेखात आम्ही एका स्त्रीचे आयुष्य सांगणार आहोत. तिने जवळची जवळजवळ सगळी माणसे गमावली, गळणाऱ्या फुलांवर कविता लिहिल्या आणि वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत स्वतःच्या हाताने मातीची भांडी घडवून पोट भरले. तिचे नाव ओतागाकी रेंगेत्सु. जपानमध्ये हे नाव प्रसिद्ध आहे. मराठी बौद्ध वाचकांपर्यंत मात्र ते फारसे पोहोचलेले नाही.

नकोशी म्हणून जन्मलेली मुलगी

रेंगेत्सु यांचा जन्म १७९१ सालचा, क्योतो शहरातला. त्यांची आई शहराच्या रंगेल वस्तीतली स्त्री होती. वडील एका सरदार घराण्याच्या सेवेतले वरच्या दर्जाचे सामुराई होते. हे नाते लग्नाचे नव्हते, त्यामुळे मुलीला बापाचे नाव मिळाले नाही. जन्मानंतर काही दिवसांतच तिला ओतागाकी तेरुहिसा यांना दत्तक देण्यात आले. तेरुहिसा हे चिओन-इन या मोठ्या विहाराच्या सेवेत होते. चिओन-इन हे होनेन यांनी स्थापन केलेल्या जोदो, म्हणजे सुखावती पंथाचे मुख्य विहार आहे. दत्तक घरात मुलीचे नाव नोबु ठेवले गेले.

सात-आठ वर्षांची असताना नोबुला क्योतोच्या पश्चिमेकडील कामेओका किल्ल्यात सेविका म्हणून पाठवले. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुलेखन शिकली, कविता करायला शिकली. लांब दांड्याचे शस्त्र चालवायलाही शिकली. गरीब घरातल्या मुलीला त्या काळी हे शिक्षण मिळणे शक्य नव्हते. जन्माने तिला कलंक दिला होता, पण दत्तक घराने सामुराई वर्गाचे दार थोडे किलकिले केले होते. तिच्या आयुष्याकडे पाहताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. ती किल्ल्यात असतानाच दत्तक आई आणि भाऊ वारले.

१८०७ च्या सुमारास ती क्योतोला परतली आणि तिचे लग्न झाले. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. नवऱ्याला ओतागाकी कुटुंबाने दत्तक घेतले होते, म्हणजे तो घरजावई होता. तो बाहेरख्याली निघाला आणि मारहाणही करत असे. या लग्नातली तिची तिन्ही मुले तान्हेपणीच गेली. १८१५ साली ती त्याच्यापासून वेगळी झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तोही वारला. १८१९ साली दुसरे लग्न झाले. हा नवरा चांगला होता आणि संसार सुखाचा होता, पण १८२३ साली आजाराने त्याचाही मृत्यू झाला. या लग्नातली मुलेही वाचली नाहीत.

थेरीगाथा वाचलेल्यांना इथे पटाचारा आठवेल. नवरा, मुले, आईवडील असे सगळे गमावलेली आणि शेवटी बुद्धांच्या संघात उभी राहिलेली पटाचारा. दोघींमध्ये दोन हजार वर्षांहून अधिक अंतर आहे, देश वेगळा आहे, पंथही वेगळा आहे. दुःख मात्र एकाच जातीचे आहे.

मुंडन कोणी केले, हा प्रश्न

दुसरा नवरा गेला तेव्हा नोबु बत्तीस वर्षांची होती. त्या काळच्या जपानमध्ये स्त्रीने लहानपणी बापाच्या, लग्नानंतर नवऱ्याच्या आणि म्हातारपणी मुलाच्या आज्ञेत राहावे, अशी कन्फ्यूशियसच्या परंपरेतून आलेली शिकवण होती. मनुस्मृतीत स्त्रीला नाकारलेले स्वातंत्र्य आठवले की ही शिकवण आपल्याला अनोळखी वाटणार नाही. नोबुच्या पुढे तिसरे लग्न हाच नेहमीचा रस्ता होता. तिने तो घेतला नाही. चिओन-इनमध्ये तिने दीक्षा घेतली. तिच्यासोबत म्हाताऱ्या दत्तक वडिलांनीही दीक्षा घेतली. तिला रेंगेत्सु हे नाव मिळाले. रेन म्हणजे कमळ, गेत्सु म्हणजे चंद्र.

आपल्याकडे उच्चवर्णीय विधवांचे केशवपन सक्तीने होत असे. बाईला विद्रूप करून कोपऱ्यात बसवायचे, हा त्यामागचा हेतू होता. सत्यशोधक चळवळीतल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईत नाभिकांचा संप घडवला, तो याच क्रूरतेविरुद्ध. रेंगेत्सु यांचे मुंडन याच्या उलट दिशेचे होते. त्यांनी डोक्यावरचे केस उतरवले आणि त्याबरोबर दुसऱ्याच्या ताब्यात जाण्याची शक्यताही उतरवली. वस्तरा सारखाच असतो. तो कोणाच्या इच्छेने फिरला, यावर गुलामी आणि मुक्ती ठरते.

पुढची नऊ वर्षे त्या विहाराच्या आवारात वडिलांसोबत राहिल्या. १८३२ साली वडील वारले. आता एकट्या स्त्रीला त्या आवारात राहता येणार नव्हते. एक्केचाळिसाव्या वर्षी रेंगेत्सु यांच्यापाशी घर नव्हते, नातेवाईक नव्हते आणि उत्पन्नही नव्हते.

माती

पोट कसे भरायचे? त्या ‘गो’ हा पटावरचा खेळ उत्तम खेळत. तो शिकवावा असा विचार त्यांनी केला, पण पुरुष एका बाईकडून शिकायला तयार होईनात, असे सांगतात. एकट्या राहणाऱ्या देखण्या भिक्खुणीला पुरुषांचा त्रासही होताच. त्यांनी स्वतःचे दात उपटून चेहरा विद्रूप करून घेतला, अशी एक कथा क्योतोत प्रचलित आहे. ही कथा तंतोतंत खरी असो वा नसो, स्त्रीला एकटीने सुरक्षित राहण्यासाठी काय किंमत मोजावी लागत असे, ते ती नेमके सांगते.

शेवटी त्या मातीकडे वळल्या. ओकाझाकी या भागात त्या राहत होत्या आणि आवाता हा कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेला भाग तिथून जवळ होता. रेंगेत्सु यांनी चाक वापरले नाही. हाताने थापून, दाबून त्या चहाच्या किटल्या, वाट्या, फुलदाण्या, ताटल्या बनवू लागल्या. भांडी थोडी वाकडीतिकडी होत. त्यांवर बोटांचे ठसे राहत. माती ओली असतानाच त्या टोकदार साधनाने स्वतःची कविता त्यावर कोरत आणि मग भांडी भट्टीत जात.

ही कविता म्हणजे वाका. पाच, सात, पाच, सात, सात अशा एकतीस ध्वनींची छोटी रचना. हा प्रकार शतकानुशतके दरबारातल्या लोकांचा होता. सुंदर कागदावर, सुंदर अक्षरात लिहून तो सरदारांच्या हाती जाई. रेंगेत्सु यांनी तो चहाच्या वाटीवर आणला. जिच्या हातात वाटी, तिच्या हातात कविता. पुढे त्यांच्या भांड्यांना इतकी मागणी आली की क्योतोत घरोघरी रेंगेत्सुची एखादी वस्तू असते, असे लोक म्हणू लागले. हा काळही लक्षात घ्यायला हवा. १८३३ पासून पुढची काही वर्षे जपानमध्ये तेम्पो नावाचा भीषण दुष्काळ होता. माणसे उपाशी मरत असतानाच्या त्या वर्षांत एक निराधार स्त्री मातीतून आपली भाकरी उभी करत होती.

मागणी वाढली तशी नक्कलही होऊ लागली. रेंगेत्सु यांची भांडी म्हणून खोटी भांडी बाजारात आली. त्यावर त्या चिडल्या नाहीत. गरीब कारागिरांचे पोट भरत असेल तर चांगलेच आहे, अशी त्यांची भूमिका होती. काही नक्कल करणाऱ्यांच्या भांड्यांवर त्यांनी स्वतःच्या हाताने कविता कोरून दिल्या, अशी आठवण सांगितली जाते. उतारवयात भांडी घडवण्याचे काम त्यांनी सहकाऱ्यांवर सोपवले आणि आपण अक्षरे कोरत राहिल्या. आपली शैली पुढे चालवायला कुरोदा कोर्यो या कुंभाराला त्यांनी आपले नावही वापरू दिले.

इथे अनित्यतेचा पहिला धडा आहे. नाव माझे, शैली माझी, ग्राहक माझे, हा हट्ट त्यांनी धरला नाही. मात्र काम करणे एक दिवसही सोडले नाही. आसक्ती सुटली म्हणून कष्ट सुटत नाहीत.

घर बदलणारी भिक्खुणी

प्रसिद्धीबरोबर दारात गर्दी येऊ लागली. कोणी कविता मागे, कोणी भांडे मागे, कोणी नुसतेच पाहायला येई. काम करायला शांतता मिळेना, तेव्हा त्या घर बदलू लागल्या. आयुष्यात तीसहून अधिक वेळा त्यांनी बिऱ्हाड हलवले. लोकांनी त्यांना घर बदलणारी रेंगेत्सु असेच नाव पाडले. सामान थोडे होते. माती, साधने, कागद, शाई आणि रोजच्या गरजेच्या चार वस्तू.

हे वाचताना एक फरक मनात ठेवावा, अशी आमची वाचकांना विनंती आहे. रेंगेत्सु स्वतःच्या इच्छेने घर सोडत होत्या. आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो, तिथल्या बायांची घरे बुलडोझर येऊन पाडतो. भिक्खूचे अनिकेत असणे आणि गरिबाचे बेघर केले जाणे या दोन गोष्टी एक नव्हेत. आपले घर कोणी पाडत असेल, तर सगळे अनित्य आहे असे म्हणून गप्प बसणे हा धम्म नाही.

चेरीची फुले आणि नाकारलेले दार

आता फुलांकडे येऊ. जपानी भाषेत अनित्यतेला मुजो म्हणतात आणि जपानी कवितेत मुजोचे सर्वांत मोठे प्रतीक म्हणजे साकुरा, चेरीची फुले. वसंतात झाड पानांआधी फुलांनी भरते. आठ-दहा दिवसांत वाऱ्या-पावसाने सारा बहर खाली येतो. बाराव्या शतकातले कवी साईग्यो सामुराईपद सोडून भिक्खू झाले आणि जन्मभर या फुलांवर लिहीत राहिले. वसंतातल्या दुसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास, चेरीच्या झाडाखाली आपल्याला मरण यावे, अशी इच्छा त्यांनी कवितेत व्यक्त केली होती. जपानी परंपरेत तो बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचा काळ मानतात. ११९० साली साईग्यो वारले, ते त्याच दिवसांत.

रेंगेत्सु या परंपरेच्या वारसदार होत. पण त्यांच्या कवितेतली फुले मरणाची वाट पाहणारी नाहीत. ती शेजारपाजारची आहेत. प्लमची, शेवंतीची, कमळाची, डोंगरउतारावरची. त्यांच्या रचनांत फुलांइतक्याच सहजपणे भाजीपालाही येतो. त्यांनी काढलेले वांग्याचे चित्र प्रसिद्ध आहे. जपानीत वांगे आणि काम सिद्धीस नेणे या दोन शब्दांचा उच्चार जुळतो. त्या श्लेषावर त्यांनी शुभेच्छेची कविता रचली. दरबारी कवीच्या बागेत वांगे उगवले नसते.

त्यांची सर्वांत गाजलेली कविता फुलांच्या दिवसांतल्या एका प्रवासाची आहे. रात्र झाली, कुणीतरी आसरा द्यायला नकार दिला. मग त्या चेरीच्या झाडाखाली आडव्या झाल्या. वर धूसर चंद्र होता आणि फुले होती. दार उघडले असते तर हे दिसले नसते, म्हणून तो नकारच त्यांना मायेचा वाटला, असा त्या कवितेचा आशय आहे.

ही कविता सुंदर आहे. तरीही आंबेडकरी माणसाला ती वाचताना अडखळायला होते आणि अडखळायलाच हवे. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. तिथल्या पारशी वसतिगृहातून त्यांना अस्पृश्य म्हणून हुसकावून लावले गेले. शहरात कुठेही आसरा मिळाला नाही, तेव्हा मुंबईच्या गाडीची वाट पाहत ते कमाठी बागेत काही तास बसून होते. आज ती जागा आपण संकल्पभूमी म्हणून ओळखतो. तिथेही झाड होते आणि तिथेही दार नाकारले गेले होते. पण तो नकार एका रात्रीपुरता नव्हता. तो हजारो वर्षांच्या व्यवस्थेचा होता आणि तो मायेचा मानणे हा स्वतःचाच अपमान ठरला असता. बाबासाहेबांनी त्या नकाराचे रूपांतर व्यवस्था बदलण्याच्या निर्धारात केले.

मग रेंगेत्सु चुकल्या का? आम्हाला तसे वाटत नाही. त्यांनी आपल्या मनात राग साचू दिला नाही आणि ती त्यांची स्वतःची साधना होती. घोटाळा तिथे होतो, जिथे असा समंजसपणा दुसराच कोणी पीडितावर लादतो. आडनाव विचारून घर नाकारल्या गेलेल्या मुलाला कोणी चंद्र दाखवू लागले, तर तो धम्म सांगत नाही. तो व्यवस्थेची वकिली करतो. क्षमा आणि संयम माणसाने स्वतः निवडायचा असतो. न्यायाची मागणी त्याबरोबर चालूच ठेवायची असते. रेंगेत्सु यांच्या पुढच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात, म्हणून ते आयुष्य आपल्याला महत्त्वाचे वाटते.

दुष्काळ, पूल आणि युद्ध

भांडी आणि कविता विकून रेंगेत्सु यांना बरेच पैसे मिळत. ते त्यांच्याजवळ टिकत नसत. १८५० च्या सुमारास क्योतोत उपासमार झाली, तेव्हा त्यांनी तीस सोन्याची नाणी नाव न सांगता नगर प्रशासनाकडे मदतीसाठी पाठवली. मातीच्या वाट्या विकणाऱ्या बाईसाठी ही रक्कम फार मोठी होती. कामो नदीवरच्या मारुतामाची पुलाच्या बांधकामासाठीही त्यांनी पैसे उभे केले. पावसाळ्यात नदी ओलांडताना सामान्यांचे हाल होत, हे त्या रोज पाहत होत्या.

याच सुमारास तोमिओका तेस्साई नावाचा किशोरवयीन मुलगा त्यांच्याकडे मदतनीस म्हणून आला. तो माती आणून देई, भांडी भट्टीपर्यंत पोहोचवी. रेंगेत्सु यांनी त्याला आईच्या मायेने वाढवले, त्याच्या शिक्षणाला हातभार लावला. पुढे तो चित्रे काढू लागला, तेव्हा ती विकली जावीत म्हणून त्या त्याच्या चित्रांवर आपली कविता लिहून देत. हाच तेस्साई पुढे जपानच्या मोठ्या चित्रकारांपैकी एक झाला. स्वतःची सगळी मुले गमावलेल्या स्त्रीने परक्या मुलाला उभे केले.

१८५३ साली अमेरिकी युद्धनौका जपानच्या किनाऱ्याला आल्या आणि देश ढवळून निघाला. पुढची पंधरा वर्षे क्योतोत कट, खून आणि लढाया चालल्या. १८६४ साली शहराचा मोठा भाग आगीत जळाला. १८६८ साली सम्राटाच्या बाजूचे सैन्य आणि जुन्या शोगुन राजवटीचे सैन्य यांच्यात यादवी सुरू झाली. रेंगेत्सु यांची सहानुभूती सम्राटाच्या बाजूने होती. तरीही सत्त्याहत्तर वर्षांच्या या भिक्खुणीने सम्राटपक्षाचे सेनानी साईगो ताकामोरी यांना एक कविता पाठवली. कोणीही जिंको, कोणीही हरो, मरणारे याच देशाचे लोक आहेत, हा तिचा आशय होता. नंतर एदो शहर मोठ्या लढाईविना ताब्यात आले. त्यात या कवितेचाही वाटा होता, असे जपानमध्ये सांगितले जाते. तो वाटा किती हे महत्त्वाचे नाही. आपल्याच बाजूच्या सेनापतीला थांब म्हणायला किती धैर्य लागते, हे कार्यकर्त्यांना ठाऊक असते.

पुढे जपानच्या लष्करी राजवटीने याच चेरीच्या फुलांचे काय केले, तेही सांगायला हवे. दुसऱ्या महायुद्धात तरुण सैनिकांना शिकवले गेले की साकुरासारखे डौलात गळून पडणे हेच खरे मरण. आत्मघातकी हल्ल्यासाठी बनवलेल्या एका विमानाचे नावच ओका, म्हणजे चेरीचे फूल, असे होते. अनित्यतेची कविता राज्यकर्त्यांच्या हातात गेली की ती तरुणांना मरायला पाठवते. रेंगेत्सु यांच्या हातात तीच कविता मारणे थांबवायला निघाली होती. फूल तेच असते. ते कोणाच्या हातात आहे, हे विचारले पाहिजे.

अखेरची वर्षे

१८६५ पासून त्या क्योतोच्या उत्तरेकडील निशिगामो इथल्या जिंको-इन या विहाराच्या आवारात एका छोट्या कुटीत राहू लागल्या. आता घर बदलणे थांबले. १८६८ नंतर नव्या सरकारने शिंतो आणि बौद्ध परंपरा वेगळ्या करण्याचा आदेश काढला आणि देशभर विहारांवर हल्ले झाले. मूर्ती फोडल्या गेल्या, अनेक विहार बंद पडले. अशा काळात ही म्हातारी भिक्खुणी आपल्या कुटीत बसून मातीवर अक्षरे कोरत राहिली. १८७० च्या सुमारास स्नेह्यांनी त्यांच्या कवितांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्याचे नाव ‘आमा नो कारुमो’. आमा म्हणजे कोळीणही आणि भिक्खुणीही. समुद्रकाठी वेचलेले शेवाळ, एवढाच मान त्या नावाने कवितांना दिला आहे.

१० डिसेंबर १८७५ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्यासाठी गाजावाजा करू नका, तेस्साईला तेवढे कळवा, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. कफनाचे पांढरे कापडही तयार होते. त्यावर तेस्साई यांनी कमळ आणि चंद्र काढला होता, म्हणजे त्यांचे नावच. गावकऱ्यांनी मिळून अंत्यसंस्कार केले. निशिगामोत एका चेरीच्या झाडाखाली त्यांची लहानशी समाधी आहे. साध्या दगडावर तेस्साई यांच्या अक्षरात नाव कोरले आहे. दर वसंतात त्या दगडावर फुले गळतात.

आपण काय घ्यावे, काय घेऊ नये

रेंगेत्सु यांचा पंथ अमिताभ बुद्धांवरील श्रद्धेचा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला मिळालेला धम्म बुद्धिवादी आणि समतेचा आहे, त्यात परलोकातल्या सुखावतीला जागा नाही. हा फरक आपण पुसू नये. जपान बौद्ध देश म्हणून तिथे सगळे समान होते, असेही समजू नये. तिथे चामड्याचे आणि मृत जनावरांचे काम करणाऱ्या समूहांना अस्पृश्यांसारखे वागवले जाई. १८७१ साली कायद्याने हा भेद रद्द झाला, पण समाजातून गेला नाही. काही विहारांनी तर या लोकांना मृत्यूनंतर दिली जाणारी धम्मनामेही अपमानकारक दिली. म्हणजे चिवर घातलेल्या माणसांनी मढ्यावरसुद्धा जात लिहिली. या बुराकू समाजाने समतेसाठी सुइहेइशा ही संघटना उभारली, ती ३ मार्च १९२२ रोजी, क्योतोच्या ओकाझाकी भागातल्या सभागृहात. ज्या ओकाझाकीत रेंगेत्सु यांनी मातीची भांडी घडवली, त्याच ओकाझाकीत. बुद्धाचे नाव घेतल्याने विषमता जात नाही, ती संघर्षाने जाते, हे त्या भूमीनेच सिद्ध केले.

तरीही रेंगेत्सु यांच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. विहारात आपण फुले वाहतो तेव्हा पुष्पपूजेच्या गाथेत हे फूल जसे कोमेजते तसा माझा देहही नाशाकडे जातो, या अर्थाचे शब्द उच्चारतो. धम्मपदात फुलांचा एक स्वतंत्र वर्ग आहे, पुप्फवग्ग, सोळा गाथांचा. फूल हा बुद्धवचनाचा जुना सोबती आहे. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अनित्यतेचा अर्थ दोन्ही बाजूंनी उलगडला. मालमत्ता, माणसे, कशाचीही आसक्ती नको, ही एक बाजू. आणि वस्तू बदलतात म्हणूनच नवे काही घडू शकते, सगळे कायम असते तर विकासच थांबला असता, ही दुसरी. आपल्या चळवळीचा पाया या दुसऱ्या बाजूवर आहे. फूल अनित्य आहे तशी जातही अनित्य आहे. ती कोणीतरी घडवली आहे, म्हणून ती मोडता येते.

आपल्या कवींनी फुला-चंद्राच्या कवितेला नकार दिला, तो योग्यच होता. ज्यांच्या वाट्याला गटार आले त्यांनी बागेची गाणी का म्हणावीत? १९७२ साली नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने मराठी कवितेला मुंबईच्या त्या वस्तीत नेले, जिच्याकडे तिने पाठ फिरवली होती. तशाच एका वस्तीतल्या आईच्या पोटी जन्मलेली रेंगेत्सु फुलांवर लिहीत होती. हा विरोध नाही, असे आम्हाला वाटते. ढसाळांनी जे नाकारले ते रिकामटेकड्यांचे फूल होते. चिखलाने माखलेल्या हातांनी वाटीवर कोरलेले फूल वेगळे असते. फुलावर कोणी लिहायचे, ही मक्तेदारीही मोडायलाच हवी. वस्तीतल्या मुलीने बोगनवेलीवर कविता लिहिली, तर चळवळीत हे काय चालले आहे असे तिला कोणी विचारू नये.

पुढच्या अभ्यासवर्गात अनित्यतेवर बोलाल तेव्हा या भिक्खुणीचे आयुष्य मुलामुलींना जरूर सांगा. मुले गेली, नवरे गेले, वडील गेले, घरे गेली. तिने फूल गळताना नीट पाहिले, त्यावर चार ओळी लिहिल्या आणि पुन्हा मातीत हात घातला. सकाळी भट्टीतून निघालेली वाटी कोणाच्या तरी घरी जाणार होती आणि तिचे पैसे कोणाच्या तरी पोटात अन्न होऊन जाणार होते. सगळे नाशवंत असेल तर काम कशाला, या प्रश्नाचे उत्तर तिने असे रोज दिले.

नमो बुद्धाय, जय भीम.